सिटी व्हीटेक २००२: भर दुपारी सुरू होत नाही, संध्याकाळी एका सेल्फात चालू

कपाशीवाला
मंडळी, गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२ ची. मुक्काम दर्यापूर तालुका. काकांनी नवी घेतली होती, त्यांच्याकडून माझ्याकडे आली. १०६ बीएचपी, वजन हजार किलोच्या आसपास. अकोल्याच्या रस्त्यावर मोकळं मिळालं आणि तिसऱ्यात सुई वर नेली की मागे बसलेले अजूनही बोलायचे थांबतात. "विकून टाक" हा सल्ला घरच्यांनी भरपूर दिलेला आहे, इथे नको.

त्रास असा. सकाळी हात लावला की चालू. दुपारी तहसीलला नाहीतर जिनिंगवर गेलो, गाडी उन्हात उभी राहिली, काम आटोपून आलो की सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. दारं-खिडक्या उघडी टाकायची, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं, की बहुतेक वेळा चालू होते. चालता चालता बंद पडत नाही. संध्याकाळी तर काही झालंच नव्हतं असा आव आणते.

एका गॅरेजात दाखवली. त्यांनी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, पेट्रोलचा फिल्टर बदलला, शेवटी टाकीतला पंपही बदलला. बिल झालं, दुपार तशीच. आता घरीच शोधायचं ठरवलं आहे. मल्टिमीटर आहे, पाने आहेत, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर मीच खोलतो. सुरुवात कुठून करू?

बाप्पा_रे
भाऊ, पेट्रोलची वाफ होऊन राहिली असन. आमच्या आबाजवळ ॲम्बेसेडर होती. उन्हाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात हमखास रुसे. पंपावर ओलं फडकं टाकलं का पाच मिनिटात चालू. तुमीबी टाकून पाहा एकडाव, फडक्याले काय पैसे लागतेत?

तिसरा_गिअर
बाप्पा, ॲम्बेसेडरसाठी उपाय शंभर टक्के बरोबर. तिथे पंप इंजिनाला लागून, टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी आणि वर इंजिनाची गरमी, म्हणून वाफ धरायची. सिटीत पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला आहे, तो पेट्रोल ढकलतो. लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाब राहतो आणि जास्तीचं पेट्रोल फिरून टाकीत परत जातं. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. होणारच नाही असं म्हणत नाही, पण यादीत शेवटी ठेवा. शिवाय फडकं ठेवायचं तर टाकीत उतरावं लागेल.

कपाशीवाला, एकही पार्ट घेऊ नका. गॅरेजने जे केलं त्याला मी "अंदाजपंचे रिपेरिंग" म्हणतो: बदला, लागलं तर लागलं. इंजिन चालायला पेट्रोल लागतं, ठिणगी लागते, सिलिंडरमध्ये दाब लागतो. सकाळी झकास चालते म्हणजे दाब आहे. उरलं पेट्रोल की ठिणगी, आणि हे गाडी रुसलेली असतानाच कळेल. सकाळी तपासून काही हाती लागणार नाही. पुढच्या वेळी चहाला जायच्या आधी एवढं करा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, काच वर, पंखा बंद, कान मागच्या सीटकडे. पंप दोनेक सेकंद गुणगुणतो का? आणि चेक इंजिनचा दिवा लागून दोनेक सेकंदांनी विझतो का? दोन्ही लिहून ठेवा.

सोल्डरताई
मी गाड्यांमधली नाही. पुसदला मोबाइल आणि सेटटॉप बॉक्स दुरुस्तीचं दुकान आहे. पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून निसटलं असं वाटतं.

दारं-खिडक्या उघडी टाकून थांबलं की चालू होते म्हणता. गाडी बंद केल्यावर इंजिन लगेच थंड होत नाही. उलट पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, त्यामुळे बॉनेटखाली सुरुवातीला गरमी वाढतेच. चहा पिण्याएवढ्या वेळात इंजिनात फारसा फरक पडत नाही. त्या वेळात थंड काय होतं? आतली बैठक. दारं तुम्ही तिथलीच उघडता. मग बिघडणारी वस्तू बॉनेटखाली कशाला शोधायची? ती तुमच्याजवळच, डॅशबोर्डच्या आसपास असली पाहिजे. तिथे गरम झाल्यावर दगा देणारं काय काय असतं, ते गाडीवाल्यांनी सांगावं.

तिसरा_गिअर
ताई, तुम्ही गाडीला हात न लावता अर्धं काम केलंत.

मेन रिले. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्या काळातल्या होंडांमध्ये एकाच डबीत दोन रिले असतात. एक ईसीयूला (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टरला वीज देतो, दुसरा पेट्रोल पंपाला. डबी डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या बाजूला बसवलेली असते. चावी ऑन केली की ईसीयू पंपाचा रिले दोन सेकंद ओढून सोडतो. सेल्फ फिरून इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळाला की पुन्हा ओढतो. आतल्या सर्किटच्या जाड पिनांभोवतीचं सोल्डर वीस वर्षांच्या ऊन-थंडीने आणि धक्क्यांनी तडकतं. कंपनीच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, इतकी वर्षं टिकलं हेच पुष्कळ. जगभर या गाड्यांचा हा ठरलेला आजार आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्यासारख्या तापलेल्या गाडीत तो जास्त उठून दिसतो.

पण निदान पक्कं झालेलं नाही. आधी ते दोन सेकंद ऐका. दिवा नेहमीसारखा लागून विझला आणि पंप मुका राहिला, तर रिलेचा दुसरा भाग, पंप किंवा मधली वायर. पंप नवीन आहेच. पंप गुणगुणला आणि तरी पकडत नसेल, तर ठिणगीकडे वळायचं. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटातला इग्नायटरही गरम झाल्यावर मरतो. पण तो बहुधा चालत्या गाडीत मरतो आणि आरपीएमची सुई क्षणात शून्यावर पडते. तुमची तर चालताना बंदच पडत नाही.

डिझेलबुवा
या वयाच्या गाडीवर एवढा खल? एखादी जुनी डिझेल घ्या आणि सुखी राहा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, तुमच्या काळातल्या रबराला ते मानवत नाही.

कपाशीवाला
डिझेलबुवा, पहिली पोस्ट परत वाचा.

तिसरा_गिअर, आज गाडी मुद्दाम बाजार समितीच्या आवारात उन्हात लावली. परत आलो, सेल्फ फिरला, पकडली नाही. चावी बंद करून ऑन केली. दिवा लागला, विझला. पंपाचा आवाज नाही. गर्दी होती म्हणून सोबतच्या पोराला मागच्या सीटवर कान लावून बसवलं, तोही नाही म्हणाला. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डॅशबोर्डखाली अंदाजाने ठोकलं आणि पुन्हा चावी फिरवली. गुणगुणला. सेल्फ मारला, चालू.

बाप्पा_रे
अरे वा! म्हणजे आमचं फडकं डॅशबोर्डखाली टाका लागत होतं.

सोल्डरताई
बाप्पा, विजेच्या वस्तूवर ओलं फडकं नका हो टाकू.

ठोकल्यावर चालू झाली म्हणजे जोड सैल आहे हे जवळजवळ ठरलं. तरी घाई नको, घरी सावलीत खात्री करता येते. डबी बाहेर काढा, तिचा वायरींचा कनेक्टर जोडलेलाच ठेवा आणि गाडी थंड असताना हेअर ड्रायरने तीच डबी तापवा. वायर किंवा बाकी काही तापवायचं नाही. तापल्यावर पंप मुका झाला तर गुन्हेगार हातात आला. गरमीत दोन गोष्टी एकदम होतात. तडकलेला जोड फाकतो, आणि रिलेच्या कॉइलचा रोधही वाढतो. तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ४० अंश चढले की १६ टक्के. कॉइल आधीच ढिली पडते, वर सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो. सगळं दुपारीच जमून येतं.

कपाशीवाला
ड्रायर घरात होताच. परवानगी मिळवायला वेळ गेला. बॅटरीची निगेटिव्ह काढली, १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढून डबी खाली घेतली, बॅटरी परत जोडली. डबी थंड असताना चावी ऑन, गुणगुण. ड्रायर धरला, मधेच लाइन गेली, आली, पुन्हा धरला. थोड्या वेळाने चावी ऑन केली तर दिवा लागून विझला, पंप गप्प. डबी सावलीत थंड होऊ दिली, पंप पुन्हा बोलायला लागला. परत तापवली, परत गप्प.

मग डबी उघडली. बाजूच्या खाचा पातळ स्क्रूड्रायव्हरने अलगद उचलल्या की आतलं निघतं. वरून पाहिलं तर सगळं नव्यासारखं, चमकदार. वडिलांचं कापसाचा धागा पाहायचं भिंग आणलं. एका जाड पिनेभोवती केसासारखी काळी गोल रेघ, पूर्ण वर्तुळ. पिनेला टाचणीने हलवलं तर पिन त्या वर्तुळाच्या आत हलते, सोल्डर जागचं हलत नाही. बाजूच्या दोन पिनांना अर्धी-अर्धी रेघ आहे.

सोल्डरताई
हेच पाहायचं होतं. आता डाग देताना वरून नुसता नवा थेंब टाकू नका, जुनं सोल्डर खराब झालेलं आहे. आधी ते ओढून घ्या, सोल्डर ओढायचा पंप किंवा तांब्याची जाळी वापरा. पिन खरवडून स्वच्छ करा, मग नवं ६०-४० सोल्डर. स्टार्टरच्या कामाचं तुमच्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न असेल तर पिन जाड असल्याने ते गरमी पुरवणार नाही, ३५-४० वॅटचं घ्या. फ्लक्स रोझिनचा. पत्र्याच्या डब्यांना डाग देतात ते ॲसिड चुकूनही नको, वर्षभरात पिन खाऊन टाकेल. टोक पिन आणि तांबं दोघांना एकाच वेळी टेकलं पाहिजे. सोल्डर पिनेवर चढून उतार धरतं, तसं झालं तर लागलं. गोळा होऊन बसलं तर पुन्हा करा. एक पिन तडकली असली तरी सगळ्याच जाड पिना करून घ्या.

भंगार_दर्शन
मधे पडतो. डागडुजीपेक्षा नवा रिले का नाही? दिल्लीच्या कश्मीरी गेटला या गाडीचं बरंच मिळतं, मायापुरीत जुन्या मोडक्या सिटीतूनही निघतो. मी कुर्ल्यातून आणला होता.

तिसरा_गिअर
अस्सल मिळत असेल तर जरूर घ्या. पण जुन्या गाडीतून काढलेला रिले म्हणजे तेवढंच वय झालेलं सोल्डर, फक्त खोक्यात. आणि बाजारात कंपनीसारखं खोकं छापून येणारा माल भरपूर आहे. माझ्या मते स्वतःचा अस्सल डाग देऊन वापरावा आणि जमलं तर अस्सल नवा एक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. दर्यापूरहून रात्री परत येताना तो कप्पा कामाला येतो.

खारपाणी
मी शेजारच्याच तालुक्यातला, आमच्याकडेही खारपाणपट्टाच. रिलेचं झालं, छान. पण ही गाडी मुळात जास्त गरम तर होत नाही ना? रेडिएटरमध्ये पाणी कोणतं टाकता?

कपाशीवाला
बोअरचं. गॅरेजवाल्याने "आपल्या भागात गरमी जास्त" म्हणून थर्मोस्टॅट काढून ठेवला आहे. काटा मध्याच्या खालीच असतो.

खारपाणी
अरे देवा. पूर्णा खोऱ्यातलं बोअरचं पाणी आपण पीत नाही, पिकाला द्यायलाही दहा वेळा विचार करतो, आणि ॲल्युमिनियमच्या इंजिनाला पाजतो. रेडिएटरचं झाकण उघडून बोट फिरवा, पांढरा थर लागेल. हेच क्षार नळ्यांमध्ये बसतात, मग मे महिन्यात गाडी खरोखर तापते आणि लोक थर्मोस्टॅटला शिव्या घालतात. झाकण गार इंजिनावरच उघडा, हे लिहायला लागू नये, पण आमच्या गावात एकाचा हात भाजला आहे.

थर्मोस्टॅट साधारण ७८ अंशांना उघडू लागतो. तो काढला की गाडी थंड राहते असं दिसतं, पण इंजिनाला पाहिजे तेवढं तापमान येत नाही. ईसीयूला वाटतं गाडी अजून थंड आहे, तो जास्त पेट्रोल ओततो. एव्हरेज पडतो, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. थंड इंजिनावर ईसीयू व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमचा तो जोर, तोही लावू देत नाही. ज्या गोष्टीसाठी ही गाडी ठेवली, तीच हिवाळ्यात सकाळी बंद.

तिसरा_गिअर
शंभर टक्के सहमत. डिस्टिल्ड पाणी आणि ॲल्युमिनियमला चालणारं कूलंट, अर्धं-अर्धं. आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

व्हीटेक नीट लागते का?

कपाशीवाला
खरं सांगायचं तर पूर्वीसारखी नाही. आधी वरच्या आरपीएमला आवाज बदलायचा, गाडी उसळायची. आता सरळसोट वर जाते. वय झालं असं समजून गप्प होतो.

तिसरा_गिअर
वयाचं नाव लगेच घेऊ नका. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालते. ईसीयू सोलेनॉइड उघडतो, ऑइल रॉकरमधल्या पिना ढकलतं, मग इनटेकचे व्हॉल्व्ह जास्त उचल असलेल्या कॅमच्या तालावर चालतात. ऑइल कमी असलं किंवा सोलेनॉइडखालची बारीक जाळी मळीने बुजली, तर पिना ढकलल्याच जात नाहीत.

ईसीयूकडे तक्रार नोंदलेली असू शकते. डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर लोंबत असतो. पेपरक्लिपने त्या दोन पिना जोडा, चावी ऑन करा, चेक इंजिनचा दिवा उघडझाप करेल. लांब उघडझाप म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. २१ आला तर सोलेनॉइडची वीज, २२ आला तर ऑइल दाबाचा स्विच. जवळच दुसरा मोठा कनेक्टर असतो, त्यात क्लिप खुपसू नका. आणि ऑइल कोणतं आहे ते सांगा.

कपाशीवाला
ऑइल... ट्रॅक्टरचं. घरात डबा होता. गॅरेजवालाच म्हणाला, आपल्याकडच्या उन्हाला जाडच बरं.

बाप्पा_रे
हाओ ना, ट्रॅक्टर आन् सिटी एकाच कुडाखाली उभे राह्यतेत, ऑइलबी एकच!

तिसरा_गिअर
बाप्पा, यावर हसू का रडू. कपाशीवाला, ट्रॅक्टरचं ऑइल डिझेल इंजिनासाठी आणि जाड. ते बारीक मार्गांतून उशिरा पोहोचतं. ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० टाका, मॅन्युअलमध्ये तापमानानुसार तक्ता असतो तो बघा. नवा फिल्टर, आणि जुनं ऑइल गरम असताना काढा म्हणजे मळी निघेल. मग सोलेनॉइड खोला. जाळीवाला गॅस्केट काढून पाहा आणि नवाच बसवा. जुना परत लावला तर ऑइल तिथून झिरपू शकतं.

कपाशीवाला
रिलेला डाग दिला, ताईंनी सांगितलं तसा. ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न अमरावतीहून मागवलं. एक पिन दोनदा करावी लागली, पहिल्यांदा गोळा झाला. ड्रायर पुन्हा धरला, अगदी प्लास्टिकचा वास येईपर्यंत. पंप बोलत राहिला. नंतर नवतप्यात मुद्दाम गाडी दुपारी बाजार समितीत लावली, काचा बंद, चालू करायला गेलो तर स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. सेल्फ मारला, पकडली.

थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटर खोलून दिला, आतून चुना निघाला. खारपाणी म्हणतात तोच थर, फक्त जास्त जाड. क्लिप लावून पाहिली, कोड २२ आला. ऑइल बदललं, जाळी काढली. काळा लगदा, अर्धी छिद्रं बुजलेली. साफ करून नव्या गॅस्केटसह बसवली, ईसीयूचा फ्यूज काढून कोड पुसला. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर चढवली. आवाज बदलतो आहे. २२ अजून परत आलेला नाही.

डिझेलबुवा
अभिनंदन, मनापासून. पण इथेनॉलचं मी म्हटलं ते राहिलंच.

तिसरा_गिअर
तेवढं मान्य. इंजेक्टरचे ओ-रिंग आणि रबरी पाइप आता वयाचे झाले आहेत. टाकीपासून इंजिनापर्यंत हात फिरवून बघा. पाइप घामेजलेला, मऊ किंवा चिरलेला वाटला तर तो बदला, इंजेक्शनच्या दाबाचा आणि इथेनॉल चालेल असा लिहिलेला. पाइप आवळायच्या पट्ट्याही त्याच कामाच्या. सोडायच्या आधी लाइनचा दाब उतरवा, जवळ विडी-काडी नको, शेडमध्ये नाही तर उघड्यावर करा. आणि सोयाबीनच्या हंगामात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, रिकाम्या टाकीत हवा जास्त.

कपाशीवाला
सोयाबीनची पोती त्याच शेडमध्ये असतात. म्हणजे उंदीरही. वायरी खातात.

खारपाणी
त्यावर औषध सांगायला मला सुचत नाही. बॉनेट रात्री उघडी ठेवतो मी, अंधार नको म्हणून. थोडा फरक पडतो.

पालिओ_१६००
धागा वाचून काढला. माझी फियाट पालिओ १.६ दुपारी असंच करते, पण पंपाचा आवाज येतो. रिलेच बदलू का?

तिसरा_गिअर
पंपाचा आवाज येत असेल तर रिलेला हात लावू नका. रुसलेली असतानाच ठिणगी तपासा: जास्तीचा एक प्लग वायरीला लावा, त्याचा धातू इंजिनाला टेकवा, हात रबरी पकडीत, पेट्रोलपासून लांब. ठिणगी नसेल तर क्रँकचा सेन्सर आणि कॉइलपासून सुरू करा. आणि वेगळा धागा काढा, यात दोन गाड्यांची सरमिसळ होईल.